वेगळेपण शेजारून ठरतं: नजर थबकवणारी रचना कशी करावी

एक कोरा कागद घ्या. त्यावर सारख्या आकाराचे तीस-चाळीस 'व' विखरून लिहा आणि त्यांतच कुठेतरी एक 'ब' दडवा. दुसऱ्या कागदावर नेमकं उलट करा: सगळे 'ब' आणि त्यांत एकच 'व'. आता दोन्ही कागद घरातल्या कुणापुढे तरी एकामागून एक धरा आणि वेगळं अक्षर शोधायला सांगा. दोन्हीकडे फरक तेवढाच, पोटातल्या एका तिरक्या रेघेचा. तरीही पहिल्या कागदावर बोट बहुधा चटकन पडेल आणि दुसऱ्यावर नजर ओळीओळीने फिरत राहील.

हा प्रयोग मी अगदी सुरुवातीलाच दिला, कारण पुढचं सगळं यातच आहे. सूचनाफलक असो, भित्तिपत्रक असो, आकडेवारीचा तक्ता असो की अ‍ॅपचा पडदा, 'इथे लक्ष जायला हवं' असं म्हटलं की आपण ती एक गोष्ट सजवत सुटतो. अक्षर मोठं करतो, रंग लाल करतो, भोवती चौकट आखतो, बाजूला बाण काढतो. पण वेगळेपण त्या गोष्टीच्या अंगात नसतंच. तिच्यात आणि तिच्या शेजाऱ्यांत जेवढं अंतर, तेवढं ते असतं. आणि पाहणाऱ्याच्या मनात आधीपासून काय ओळखीचं आहे यावर त्याचं बरंचसं बळ अवलंबून असतं. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये मूळ गोष्टीला हात बराच उशिरा लागतो. हा क्रम मोडू नका, एवढीच विनंती.

पायरी १: पाहणारा त्या क्षणी काय करत असेल ते लिहून काढा

डोळे उघडे असले म्हणजे दिसतंच असं नाही. रशियन संशोधक अल्फ्रेड यार्बस यांनी १९६०च्या दशकात डोळ्यांच्या हालचाली नोंदवून हे फार सुंदर दाखवलं. त्यांनी लोकांना चित्रकार इल्या रेपिन यांचं एक चित्र दाखवलं आणि दर वेळी प्रश्न बदलला. चित्रातल्या माणसांची वयं सांगा म्हटलं की नजर चेहऱ्यांवर घुटमळली. घरची परिस्थिती कशी असेल असं विचारलं की ती सामानसुमानावरून फिरली. चित्र तेच, पाहणाराही तोच, पण नजरेची वाट प्रश्नागणिक वेगळी.

याची दुसरी बाजू धक्कादायक आहे. १९९९ मध्ये डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शॅब्री यांनी लोकांना चेंडूच्या फेकी मोजायला लावलं, आणि त्या चित्रफितीत मधूनच गोरिलाचा पोशाख केलेली व्यक्ती चालत गेली. जवळपास निम्म्या लोकांना ती दिसलीच नाही. २०१३ मध्ये तर क्ष-किरणतज्ज्ञांना फुप्फुसांच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधायला दिल्या आणि शेवटच्या स्कॅनमध्ये गोरिलाचं छोटं चित्र घातलं. सरासरी गाठीच्या ४८ पट मोठं असूनही २४ पैकी २० जणांनी ते पाहिल्याचं सांगितलं नाही. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांची नजर त्या जागेवरून गेली होती, हे डोळ्यांच्या नोंदींवरून कळत होतं. हे हलगर्जी लोक नव्हते. पांढऱ्या गाठी शोधणाऱ्या मनाने गडद गोरिला गाळून टाकला, इतकंच.

तेव्हा कामाला लागण्यापूर्वी एक वाक्य लिहा: कोण पाहणार, किती अंतरावरून, हातात काय असताना, किती सेकंद, आणि त्या वेळी तो माणूस कशाच्या शोधात असेल. 'सगळेजण पाहतील' हे वाक्य चालणार नाही. 'पायऱ्या उतरताना फोनवर बोलणारा माणूस, तीन मीटरवरून, एक सेकंद' असं लिहिलंत तर पुढचे निम्मे निर्णय आपोआप होतात.

इथेच एक फाटा फुटतो आणि तो चुकवू नका. लोक जी गोष्ट स्वतः शोधत येतात, उदाहरणार्थ बाहेर पडण्याचा दरवाजा, स्वच्छतागृह, 'पुढे जा' हे बटण, तिला अनोळखी रूप देऊ नका. १९९२ मध्ये चार्ल्स फोक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की माणूस जो गुणधर्म मनात धरून शोधत असतो, त्या गुणधर्माची गोष्ट त्याचं लक्ष ओढते आणि बाकीच्या भडक गोष्टी निसटून जाऊ शकतात. आग लागल्यावर धावणारा माणूस ओळखीची हिरवी पाटी शोधतो. तिथे कलात्मक जांभळी पाटी लावणं मला अक्षम्य वाटतं. अनोळखीपणा राखून ठेवायचा तो जे लोक शोधत नाहीत, तरीही ज्याकडे त्यांचं लक्ष जायला हवं, त्याच्यासाठी.

पायरी २: आधी शेजार शांत करा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीवर घालवा. जॉन डंकन आणि ग्लिन हम्फ्रीज यांनी १९८९ मध्ये शोधाच्या प्रयोगांतून दोन नियम मांडले आणि माझ्या कामात त्यांच्याइतकं उपयोगी दुसरं काही पडलेलं नाही. एक: शोधायची गोष्ट आजूबाजूच्या गोष्टींसारखी जितकी जास्त, तितका शोध कठीण. हे सगळ्यांना कळतं. दुसरा नियम लोक विसरतात: आजूबाजूच्या गोष्टी आपापसांत जितक्या वेगवेगळ्या, तितकाही शोध कठीण होतो. म्हणजे तुमची सूचना कितीही निराळी असू द्या, भोवतालची प्रत्येक गोष्ट आपापल्या परीने निराळी असेल तर तिचं निराळेपण कुणाला जाणवणार नाही.

एका प्रयोगशाळेच्या दारासाठी मला एकदा 'जरा जास्त उठावदार' फलक करून द्यायला सांगितलं होतं. दारावर आधीच अकरा कागद चिकटवलेले होते. लाल अक्षरांतले सात, पिवळ्या पट्टीचे दोन, एक तिरका, एक प्लॅस्टिकमध्ये घातलेला. त्यांत विजेच्या धोक्याची सूचना होती आणि ती वर्षभर कुणी वाचली नव्हती. मी बारावा कागद केलाच नाही. कालबाह्य झालेले चार कागद काढले आणि उरलेल्यांतले सहा एकाच मापात, एकाच टंकात, पांढऱ्यावर काळे असे पुन्हा छापून सरळ रांगेत लावले. विजेची सूचना होती तशीच ठेवली. तिचा लाल रंगही बदलला नाही. दुसऱ्या दिवशी आत येणाऱ्या पहिल्याच माणसाने विचारलं, "ही नवीन लावली का?"

तुम्हीही असंच करा. जागेचा किंवा पानाचा फोटो काढा आणि मूळ गोष्ट बोटाने झाका. उरलेल्या भागात किती रंग आहेत, किती आकाराची अक्षरं, किती प्रकारचे टंक, किती दिशांना झुकलेल्या गोष्टी, हे मोजून कागदावर मांडा. मग एकेक कमी करत चला. जे काढता येईल ते काढा. जे काढता येत नाही ते एकमेकांसारखं करा. तक्त्यात पाच रेषा पाच रंगांत असतील तर चार रेषा एकाच राखाडी छटेत आणा, पाचवी दिसायला लागेल. स्लाइडवर तीन शब्द ठळक असतील तर दोन साधे करा. हे करताना हात अडखळतो, कारण प्रत्येक भडक गोष्ट कुणीतरी कधीतरी महत्त्वाची म्हणूनच भडक केलेली असते. तिथे ज्याची त्याची समजूत काढावी लागते. हे काम डोळ्यांपेक्षा माणसांशी जास्त आहे आणि ते टाळून चालत नाही.

पायरी ३: फरकाचा एकच गुणधर्म निवडा

आता मूळ गोष्टीकडे या. अ‍ॅन ट्रीसमन आणि गॅरी जेलाड यांचा १९८० मधला सिद्धांत सांगतो की रंगासारखे काही मूळ गुणधर्म दृष्टी साऱ्या दृश्यावर एकदमच हेरते. हिरव्यांच्या गर्दीत एक लाल असेल तर गर्दी पाचाची असो वा तीसची, ते सापडायला जवळपास तेवढाच वेळ लागतो. ते आपणहून उसळी मारून वर येतं. पण शोध दोन गुणधर्मांच्या जोडीचा झाला की गणित बदलतं. लाल आडव्या आणि हिरव्या उभ्या रेघांच्या गर्दीतली एकुलती लाल उभी रेघ शोधायला गेलात तर गर्दीतल्या प्रत्येक वाढत्या रेघेबरोबर वेळ वाढत जातो. लाल रंग तिच्या काही शेजाऱ्यांकडेही आहे आणि उभेपणही. तिच्या एकटीचं असं काहीच नाही.

म्हणून स्वतःला विचारा: माझ्या गोष्टीकडे असं काय आहे जे या दृश्यात दुसऱ्या कशाकडेही नाही? उत्तर एका शब्दात देता आलं पाहिजे. 'लाल.' 'तिरकी.' 'मोठी.' 'लाल आणि गोल आणि जरा मोठी' असं उत्तर आलं, आणि लाल, गोल, मोठं प्रत्येकी दुसरीकडेही असेल, तर पायरी दोनवर परत जा.

कोणते गुणधर्म भरवशाचे? जेरेमी वुल्फ आणि टॉड होरोविट्झ यांनी २००४ मध्ये तोवरच्या संशोधनाचा आढावा घेऊन यादी केली. तिच्यात ज्यांच्याबद्दल शंका उरली नाही असे चार: रंग, हालचाल, दिशा म्हणजे कल, आणि आकारमान. मी छापील कामात पहिला हात रंगाला घालतो, दुसरा कलाला. आकारमान शेवटी, कारण मोठं करायला जागा लागते आणि ती जागा दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याची असते.

रंग वापरताना मात्र एक काळजी घ्यावीच लागते. युरोपीय वंशाच्या पुरुषांमध्ये सुमारे ८ टक्के जणांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. इतर समाजांत प्रमाण कमी-जास्त असतं, पण शून्य कुठेच नसतं. म्हणून रंगाबरोबर उजळपणाचाही फरक ठेवा: गडदांमध्ये फिका किंवा फिक्यांमध्ये गडद. यामुळे वरचा 'एकच गुणधर्म' हा नियम मोडत नाही. दोन्ही खुणा एकाच गोष्टीकडे बोट दाखवत असतील आणि दोन्ही तिच्या एकटीच्याच असतील तर त्या एकमेकींना बळ देतात.

आणि वेगळी गोष्ट एकच ठेवा. १९३३ मध्ये हेडविग फॉन रेस्टॉर्फ या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी दाखवलं की एकसारख्या गोष्टींच्या यादीतली एक वेगळ्या जातीची गोष्ट जास्त लक्षात राहते. त्यांच्या प्रयोगातला एक बारकावा फारसा सांगितला जात नाही. ती वेगळी गोष्ट यादीत दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर, म्हणजे यादी एकसारखी आहे हे कळायच्या आधीच, ठेवली तरीही ती जास्त आठवत होती. तेव्हा हा केवळ दचकण्याचा परिणाम नव्हे. बाकीच्या गोष्टी एकसारख्या असल्यामुळे आठवणीत एकमेकींत मिसळून जातात आणि वेगळी तेवढी सुटी राहते. दोन-तीन गोष्टी 'वेगळ्या' केल्या की त्यांचाच एक नवा गठ्ठा होतो.

पायरी ४: फरकाची दिशा तपासा

आता सुरुवातीच्या 'व' आणि 'ब' कडे परत येऊ. ट्रीसमन आणि स्टीफन गॉर्मिकन यांनी १९८८ मध्ये अशा जोड्यांचा कसून अभ्यास केला. साध्या वर्तुळांत एक रेघ जोडलेलं वर्तुळ लगेच दिसतं. रेघवाल्या वर्तुळांत साधं वर्तुळ मात्र शोधावं लागतं. उभ्या रेघांत तिरकी पटकन दिसते, तिरक्यांत उभी तितकी नाही. फरक तोच, पण एका बाजूने पाहिला तर ठळक आणि दुसऱ्या बाजूने पाहिला तर पुसट. असणं दिसतं, नसणं शोधावं लागतं.

व्यवहारात याचा अर्थ सरळ आहे. ज्या अर्जात काही रकाने भरणं सक्तीचं आणि काही ऐच्छिक, तिथे जे कमी संख्येने आहेत त्यांना खूण जोडा. बाकीच्यांवर खुणा करून यांना कोरं सोडू नका. बंद पडलेलं यंत्र दाखवायचं असेल तर चालू यंत्रांवर दिवे आणि बंदवर अंधार अशी रचना नको. चालू यंत्रं साधी ठेवा आणि बंद पडलेल्यावर दिवा लागू द्या. 'दिवा नाही म्हणजे गडबड आहे' हे मान्य करणारी रचना मी पाहिली की मला भीती वाटते, कारण तिथे माणसाला न दिसणारी गोष्ट पाहायला सांगितलेलं असतं.

यापुढचा टप्पा ओळखीचा. १९९४ मध्ये पॅट्रिक कॅव्हनाग आणि सहकाऱ्यांनी रोमन लिपीतली एन आणि झेड ही अक्षरं घेतली. सरळ अक्षरांच्या गर्दीत आरशातल्यासारखं उलटं अक्षर ठेवलं तर ते चटकन सापडलं. उलट्यांच्या गर्दीत सरळ अक्षर ठेवलं तेव्हा शोध रेंगाळला. वरवर पाहता निष्कर्ष असा की अनोळखी रूप लक्ष वेधतं. पण २००१ मध्ये पीटर मालिनोव्स्की आणि रोनाल्ड ह्युबनर यांनी हाच प्रयोग स्लाव्ह भाषकांवरही केला. त्यांच्या सिरिलिक लिपीत उलटा एन हे रोजच्या वापरातलं अक्षर आहे, आणि रोमन लिपीही त्यांना येते. जर्मन वाचकांत दिसणारा दोन दिशांमधला फरक त्यांच्यात दिसला नाही. गर्दी सरळ अक्षरांची असो वा उलट्या, दोन्ही त्यांना ओळखीची होती.

याचा अर्थ मी असा लावतो, आणि या लेखातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच: शोध वेगवान होतो तो मुख्यतः गर्दी ओळखीची असल्यामुळे. ओळखीच्या गोष्टी मन एका झटक्यात बाजूला सारतं आणि जे सारता येत नाही ते उरतं. अनोळखी गोष्टीला उठाव येतो तो तिच्या भोवतीचं सगळं आपल्याला पाठ असतं म्हणून. सगळंच अनोळखी केलंत तर सारायला काही उरत नाही. ज्यांना प्रत्येक पान 'नावीन्यपूर्ण' करायचं असतं त्यांचं काम म्हणूनच कुणाच्या नजरेत भरत नाही. मांडणीचा नव्वद टक्के भाग अगदी चाकोरीतला ठेवा: शीर्षक जिथे असतं तिथेच, मजकूर डावीकडून, क्रमांक नेहमीच्या जागी. मग उरलेल्या एका जागी केलेला छोटासा बदलही पुरतो.

तपासणी सोपी आहे. तुमच्या वाचकांपैकी तिघांना विचारा, 'असा फलक, असं पान तुम्ही आधी पाहिलंय का?' भोवतालच्या मांडणीबद्दल 'हो, नेहमीचंच आहे' आणि तुमच्या एका गोष्टीबद्दल 'हे काय आहे?' अशी उत्तरं आली तर दिशा बरोबर. वाचक कोण यावर उत्तर बदलेल हेही लक्षात असू द्या. अभियंत्याला पाठ असलेला आलेख शाळकरी मुलासाठी सगळाच अनोळखी असतो.

पायरी ५: अनोळखीपणाची मात्रा ठरवा

आतापर्यंत रूपाबद्दल बोललो; अर्थातलं वेगळेपण निराळं वागतं. १९७८ मध्ये जेफ्री लॉफ्टस आणि नॉर्मन मॅकवर्थ यांनी शेतातल्या देखाव्याच्या चित्रात ट्रॅक्टरच्या जागी ऑक्टोपस काढला. लोकांची नजर त्याच्याकडे लवकर गेली आणि तिथे जास्त वेळ थांबली. पुढे १९९९ मध्ये जॉन हेंडरसन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांत मात्र विसंगत वस्तूकडे नजर लवकर जात असल्याचं आढळलं नाही. एकदा पोचल्यावर ती तिथे जास्त रेंगाळते, एवढं टिकलं. मी कामापुरता असा हिशोब ठेवतो: नजर ओढून आणायला रंग, कल, आकार, आलेली नजर थांबवायला विसंगत अर्थ. ऑक्टोपस काढून गर्दीतून लोक खेचले जातील अशी आशा धरू नका. जे जवळ आले आहेत त्यांना चार क्षण जास्त थांबवायचं असेल तर ऑक्टोपस जरूर काढा.

मात्रेचा दुसरा प्रश्न वाचनाचा. ओळख नसलेली अक्षरं वाचायला वेळ लागतो. तेव्हा सूचनेचं रूप अनोळखी करा, शब्द नकोत. पाटी तिरकी चालेल, तिचा आकार विचित्र चालेल, रंग कुणी कधी न वापरलेला चालेल. आतला मजकूर मात्र साध्या टंकात, छोट्या वाक्यात, पार्श्वभूमीपासून ठसठशीत फरकाने असावा. पडद्यावरच्या मजकुरासाठी सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत नेहमीच्या आकाराच्या अक्षरांना ४.५ : १ असं किमान उजळपणाचं गुणोत्तर दिलेलं आहे. कागदावरही तेवढं पाळलंत तर वयस्कर वाचक दुवा देतील.

पायरी ६: हालचाल अगदी शेवटी, आणि जपून

अचानक अवतरणारी किंवा हलणारी गोष्ट लक्ष हिसकावून घेते. स्टीव्हन यँटिस आणि जॉन जोनाइड्स यांनी १९८४ मध्येच नव्याने उगवलेल्या वस्तूची ही ताकद दाखवली होती. ताकद आहे म्हणूनच ती क्वचित वापरायची. हलती गोष्ट वाचन मोडते आणि चालू काम तोडते. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा काहीही लुकलुकू देऊ नका. प्रकाशामुळे झटके येणाऱ्या व्यक्तींसाठी ते धोक्याचं असतं. माझा नियम असा की हालचाल एकदा घडावी आणि थांबावी. सरकत आलेली सूचना जागेवर बसली की स्तब्ध व्हावी.

पायरी ७: जागा आणि अंतर

हात लांब करून अंगठा समोर धरा. त्याच्या रुंदीएवढा, म्हणजे साधारण दोन अंशांचा भागच डोळा एका वेळी बारकाईने पाहतो. बाकी सारं धूसर असतं आणि त्या धूसरपणात बारीक अक्षरं, नक्षी, नाजूक चिन्हं यांचा उपयोग नाही. वाचणारा माणूस ज्या अंतरावर असेल तिथे स्वतः उभे राहा, त्याची नजर जिथे असेल तिथे नजर रोखा आणि डोळे न हलवता पाहा: कोपऱ्यातली तुमची गोष्ट काहीतरी वेगळी आहे एवढं तरी जाणवतं का? जाणवलं नाही तर मजकूर कितीही चांगला असो, नजर तिकडे वळायचं कारणच निर्माण झालेलं नाही. बऱ्याचदा गोष्ट मोठी करण्यापेक्षा तिच्याभोवती मोकळी जागा सोडणं पुरतं, कारण कडेच्या नजरेत जवळजवळ ठेवलेल्या गोष्टी एकमेकींत कालवल्या जातात.

पायरी ८: चाचणी घ्या, मत विचारू नका

'कसं वाटतंय?' हा प्रश्न निरुपयोगी आहे, कारण तो ऐकताच माणूस लक्ष देऊन पाहू लागतो आणि तुम्हाला नेमकं तेच नको असतं. त्याऐवजी आधी स्वतः दोन गोष्टी करा. फोटो धूसर करा किंवा डोळे बारीक करून पाहा. वेगळी गोष्ट तरीही उठून दिसली पाहिजे. मग तोच फोटो कृष्णधवल करा. रंग गेल्यावरही फरक उरला पाहिजे.

त्यानंतर ज्यांनी काम पाहिलेलं नाही असे पाच-सहा लोक गाठा. फोनवर चित्र क्षणभर दाखवा, लपवा, आणि विचारा: 'काय दिसलं? आधी काय, नंतर काय?' डोळा सेकंदाला साधारण तीन उड्या मारतो, तेव्हा क्षणभर म्हणजे एक-दोन थांबेच. पहिल्या दोन उत्तरांत तुमची गोष्ट नसेल तर पायरी दोनकडे वळा. आणखी एक चाचणी मी न चुकता घेतो. त्यांना दुसरं एखादं काम देतो, जसं 'या पानावर तारीख कुठे आहे ते शोधा', आणि काम झाल्यावर विचारतो की तारखेशिवाय आणखी काय दिसलं. गोरिलाची कसोटी ती हीच. पायरी एकमध्ये लिहिलेल्या माणसाची अवस्था या चाचणीत सर्वांत जवळून उतरते, म्हणून दोन्ही निकाल वेगळे आले तर मी हिच्यावर विश्वास ठेवतो.

पायरी ९: सवय होणारच आहे, तिची तयारी ठेवा

नव्याची ओढ तान्हेपणापासूनची आहे. रॉबर्ट फँट्झ यांनी १९६४ मध्ये तान्ह्या बाळांना एक नक्षी पुन्हा पुन्हा आणि तिच्या शेजारी दर वेळी नवी नक्षी दाखवली. दोन महिन्यांपुढची बाळं जुन्या नक्षीकडे हळूहळू कमी पाहू लागली. सोव्हिएत शास्त्रज्ञ येवगेनी सोकोलोव्ह यांनी याची कारणमीमांसा मांडली: मेंदू सभोवतालचा एक नमुना बनवत राहतो, येणारी गोष्ट त्याच्याशी जुळली नाही की दचकून वळतो, आणि तीच गोष्ट वारंवार आली की ती नमुन्यात सामावली जाते.

याचं एक मोठं उदाहरण रस्त्यावर घडलं. मोटारीच्या मागच्या काचेजवळ मध्यभागी असलेला तिसरा ब्रेक दिवा अमेरिकेत १९८६ च्या मॉडेलपासून नव्या मोटारींना सक्तीचा झाला. त्याआधी टॅक्सींवर झालेल्या चाचण्यांत ब्रेक लावल्यावर मागून बसणाऱ्या धडका सुमारे निम्म्याने घटल्या होत्या. तो दिवा तेव्हा हजारो गाड्यांत एखादीलाच होता. सक्तीनंतर तिथल्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाने मागून होणाऱ्या सगळ्या धडकांचा हिशोब केला. मोजायची रीत वेगळी असल्याने चाचण्यांचा आकडा त्याच्याशेजारी ठेवणं योग्य नाही, पण पुढचे दोन आकडे एकाच रीतीचे आहेत: १९८७ मध्ये घट ८.५ टक्के, आणि १९८९ ते १९९५ या काळात ४.३ टक्क्यांवर स्थिरावलेली. जसजसे असे दिवे रस्त्यावर सर्रास झाले तसतसा त्यांचा नवेपणाचा वाटा ओसरला. उरलेले ४.३ टक्के मात्र टिकले, कारण दिव्याची जागा आणि त्याचा स्पष्ट अर्थ नवेपणावर अवलंबून नव्हते. तो दिवा आजही लावण्याजोगाच आहे.

तुमच्या रचनेचंही असंच दोन भागांत गणित मांडा. नवेपणामुळे किती आणि जागा, फरक, अर्थ यांमुळे किती? फलक कायमचा असेल तर पहिला भाग शून्य धरून चाला आणि दुसरा भक्कम करा. फलक पंधरा दिवसांचा असेल तर नवेपणावर बिनधास्त उधळण करा. एकाच गोष्टीची आठवण सतत द्यावी लागत असेल तर दर काही आठवड्यांनी फरकाचा गुणधर्म बदला, रंगाऐवजी कल, कलाऐवजी आकार. अर्थ आणि जागा मात्र तीच ठेवा, म्हणजे शोधणाऱ्याची पंचाईत होणार नाही.

प्रत्येक तात्पुरत्या फलकाच्या पाठीमागे तो कधी काढायचा ती तारीख पेन्सिलीने लिहा आणि कुणी काढायचा त्याचं नावही. मी प्रयोगशाळेच्या दारावरून काढलेल्या त्या चार कागदांपैकी एकावरही तारीख नव्हती. त्यांतला एक, बहुधा कधीकाळी सगळ्यांत भडक असलेला, उन्हाने इतका उडाला होता की तो कशाबद्दल होता हे तिथल्या कुणालाच सांगता आलं नाही.